गदल्याचा उपास आणि राबिन यांच्या खुनाविषयीच्या वावड्या

रोश हाशानाचे दोन दिवस संपले की तिसऱ्या तिश्रीला आपण गदल्याचा उपास करतो. कोकणातील आपली जुनी मंडळी याला ‘नव्याचा रोजा’ म्हणत. उपास पुष्कळांना ठाऊक असतो. पण तो कशासाठी असे विचारले तर कोणा गदल्याला मारले म्हणून, एवढेच उत्तर येते. यास्तव या अंकातील अभ्यासासाठी आम्ही यिर्मयाचे 40 व 41 हे दोन अध्याय घेतले आहेत. त्यांच्या जोडीला आपल्या हयातीत याच देशात झालेला एक खून घेतला आहे: पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा, 4 नोव्हेंबर 1995, म्हणजे 12 हेश्वान 5756 च्या रात्रीचा. वाचकांनी तनाख उघडून जवळ ठेवावा.

बाबेलच्या राजाने यरुशलेमचा नाश केल्यावर मागे राहिलेल्या गोरगरिबांवर अहीकामाचा पुत्र गदल्या याला अधिकारी नेमले. मिस्पा येथे राहून त्याने लोकांना धीर दिला. मवाब, अम्मोन, अदोम येथे पांगलेले यहुदी परतू लागले, द्राक्षे व उन्हाळी फळे गोळा करू लागले. विस्कटलेली घडी पुन्हा बसू पाहत होती. अशा वेळी कारेहाचा पुत्र योहानान आला आणि त्याने बातमी दिली की अम्मोनचा राजा बालीस याने नथन्याचा पुत्र इश्माएल याला तुझा जीव घेण्यास पाठवले आहे. गदल्याने विश्वास ठेवला नाही. योहानानने मग एकांतात गाठून विचारले की मी गुपचूप जाऊन इश्माएलला मारू काय? गदल्याने मनाई केली आणि तू इश्माएलविषयी खोटे बोलतोस असे त्याला सुनावले. सातव्या महिन्यात इश्माएल दहा माणसे घेऊन आला, गदल्याबरोबर पंगतीला बसला, आणि तेथेच उठून त्याला तलवारीने मारले. पुढे अर्पणे घेऊन आलेल्या ऐंशी यात्रेकरूंपैकी सत्तर जणांना ठार करून त्याने खड्ड्यात टाकले. उरलेले लोक बाबेलच्या धाकाने मिसरात निघून गेले.

आता 41 व्या अध्यायाचे 9 वे वचन पाहावे. त्या खड्ड्यातील प्रेतांविषयी बोलताना तेथे गदल्याचा हात असल्यासारखी शब्दरचना आहे. गमारा (नीदा, 61) विचारते, गदल्याने मारले की इश्माएलने? आणि उत्तर देते की योहानानचा इशारा त्याने ध्यानात घ्यायला हवा होता. तो घेतला नाही, म्हणून लेखाने ते रक्त त्याच्याही हिशेबी लिहिले. याच जागी रावा यांनी नियम सांगितला आहे. कोणाविषयी वाईट वार्ता कानी आली तर ती खरी मानू नये, पण तिच्याबाबत सावध मात्र राहावे. त्याच पानावर रब्बी तार्फोन यांची गोष्ट आहे. खुनाची वदंता असलेले काही गालिली लोक त्यांच्याकडे लपायला आले. रब्बींनी त्यांना पकडूनही दिले नाही आणि घरातही घेतले नाही. स्वतःच कोठे लपा, असे सांगितले.

या नियमाला दोन बाजू आहेत. लाशोन हारावरील प्रवचनांत आपण पहिलीच अधिक ऐकतो, दुसरी राहून जाते. राबिन यांच्या बाबतीत आमच्या मते असे झाले की खुनाआधी अधिकाऱ्यांनी दुसरी बाजू पाळली नाही, आणि खुनानंतर लोकांनी पहिली.

आधीची हकीकत पाहू. 1995 च्या उन्हाळ्यात एका तरुणाने अधिकाऱ्यांकडे बातमी पोहोचवली की बुटका, कुरळ्या केसांचा एक येमेनी युवक राबिन यांना मारण्याची भाषा करतो. सांगणाऱ्याने नाव घेतले नाही. तेल अवीवच्या बस स्थानकावर ते बोलणे सहज कानी पडले, असे त्याने सोंग केले. सांगणारा कोण आणि तो काय हातचे राखून बोलतो, हे कोणी नीट खोदून विचारले नाही. तो युवक म्हणजे बार इलान विद्यापीठातील कायद्याचा विद्यार्थी यिगाल अमीर. खुद्द राबिन बुलेटप्रूफ जाकीट घालायला तयार नसत.

त्या शनिवारी रात्री तेल अवीवच्या मल्खेई यिस्राएल चौकात शांततेसाठी मोठी सभा झाली. सभेच्या मागच्या जिन्यापाशी, जेथे परक्या माणसाला मज्जाव असायला हवा होता, तेथे अमीर सुमारे चाळीस मिनिटे रेंगाळला. कोणा गाडीचा चालक असेल किंवा सुरक्षेचा माणूस असेल, असे समजून कोणी हटकले नाही. त्याने परवान्याच्या बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. दोन राबिन यांच्या पाठीत गेल्या, एक अंगरक्षक योराम रुबिन यांना लागली. अमीर जागीच पकडला गेला. माजी सरन्यायाधीश मेईर शमगार यांच्या चौकशी आयोगाने मार्च 1996 मध्ये अहवाल दिला आणि शबाकवर कडक ठपका ठेवला. शबाकचे प्रमुख कार्मी गिलोन यांनी त्याआधीच जानेवारीत राजीनामा दिला होता.

आता वावड्यांकडे वळू. त्यांतील मुख्य अशी की अमीरच्या पिस्तुलात फुसकी काडतुसे होती आणि खऱ्या गोळ्या नंतर गाडीत दुसऱ्याच कोणी घातल्या. या कल्पनेवर बॅरी खामिश यांचे एक पुस्तक 1998 मध्ये निघाले व बरेच गाजले. तिला आधार काय? पहिला आधार असा की गोळ्या सुटताच ‘स्राक, स्राक’, म्हणजे फुसके आहे, असा ओरडा झाल्याचे काही साक्षीदार सांगतात. ओरडा झाला असेल. कोण ओरडले याविषयी साक्षी जुळत नाहीत. पण गोंधळात कोणी काही ओरडले म्हणून काडतूस फुसके होत नाही. रुबिन यांच्या दंडाला झालेली जखम फुसक्या काडतुसाची नव्हती, आणि राबिन यांच्या शरीरातून काढलेल्या गोळ्या अमीरच्याच पिस्तुलाच्या निघाल्या. गोळ्या झाडल्याचे त्याने न्यायालयात नाकारले नाही, उलट अभिमानाने सांगितले.

दुसरा आधार जखमांचा. त्या रात्री रुग्णालयाबाहेर घाईघाईने जे सांगितले गेले त्यात छातीच्या जखमेचाही उल्लेख आला. शवविच्छेदनात दोनच निघाल्या, दोन्ही मागून. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीव वाचवण्यासाठी धडपडणारा डॉक्टर गोळी कोठून आली याचा तपास करीत नसतो. 1963 मध्ये डलासला केनेडी यांच्या गळ्यावरील छिद्र डॉक्टरांनी समोरून आलेल्या गोळीचे समजले. श्वासनळीसाठी त्याच जागी त्यांनी छेद घेतला होता, त्यामुळे मूळ खूण बिघडली. तेवढ्या एका वाक्यावर अमेरिकेत किती पुस्तके लिहिली गेली!

तिसरा आधार गाडीचा. इखिलोव रुग्णालय चौकापासून जवळच, मग इतका वेळ का लागला? रस्ते गर्दीने भरलेले व काही बंद केलेले होते. चालकाने वाटेत एका पोलिसाला वाट दाखवायला गाडीत घेतले. रुग्णालयाला आधी कोणी कळवलेही नव्हते. हा सारा गलथानपणा होता यात शंका नाही. पण गलथानपणा हा कटाचा पुरावा मानायचा म्हटले तर या देशातील निम्मी कार्यालये कटात सामील ठरतील.

इतके सांगून आम्ही थांबलो असतो तर काम सोपे होते. परंतु वावडी उठवणाऱ्यांच्या हाती एक खरे पान होते. एयाल नावाच्या उजव्या गटाचा पुढारी अविशाय राविव हा शबाकचा पगारी खबऱ्या होता. ‘शॅम्पेन’ हे त्याचे टोपणनाव. राबिन यांच्याविरुद्ध चिथावणी देणाऱ्यांत तो पुढे असे आणि अमीरला तो ओळखत होता. हे लोकांना खून झाल्यावर कळले. शमगार अहवालाचा राविवसंबंधीचा भाग गुप्त ठेवला गेला आणि त्यातील बराचसा 1997 मध्ये उघड झाला. खुनाचा बेत ठाऊक असून थोपवला नाही, या आरोपातून न्यायालयाने 2003 मध्ये त्याला निर्दोष सोडले. सरकारी पैशाने पोसलेला माणूस आग ओकत होता, हे लाजिरवाणे सत्य आहे. त्याने खून घडवला, हे सिद्ध झालेले नाही. ही दोन वाक्ये वेगळी आहेत, आणि पहिले दडवून ठेवल्यामुळे दुसरे लोकांना पटू लागले. 2022 मध्ये क्नेसेटच्या स्मरणबैठकीतसुद्धा एका पक्षनेत्याने शबाकने डावपेच खेळून खुन्याला उत्तेजन दिल्याचे सांगितले.

मुंबईत वाढलेल्या वाचकांना याच तऱ्हेची दुसरी हकीकत आठवेल. 20 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत बिर्ला भवनात बाँब उडाला व मदनलाल पाहवा पकडला गेला. रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालच्या तोंडून गांधीजींना मारण्याचे बोलणे आधी ऐकले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळासाहेब खेर व मोरारजी देसाई यांना भेटून ते सांगितले. बातमी पोलिसांपर्यंत गेलीही, तरी 30 जानेवारीला खून झालाच. पुढे 1966 मध्ये नेमलेल्या कपूर आयोगाने पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवले. आणि तेथेही काही वर्षांनी ‘चौथी गोळी’ निघाली! कोणी दुसराच मारेकरी होता म्हणून फेरतपासाची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2018 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली.

माणसाला अशी गोष्ट का हवीशी वाटते? तराजूच्या एका पारड्यात पंतप्रधान आणि दुसऱ्यात एक पंचविशीतला विद्यार्थी, हे मनाला जुळत नाही. पण आमच्या मते येथे आणखी एक कारण आहे. अमीरने आपल्या कृत्याला ‘दीन रोदेफ’चा, म्हणजे पाठलाग करून जीव घेऊ पाहणाऱ्याला मारण्याच्या नियमाचा आधार दिला. तो नियम राबिन यांना लागू पडतो काय, याची चर्चा त्या वर्षी काही रब्बींमध्ये झाली होती. राबिन यांची नाझी गणवेशातील चित्रे मोर्च्यांत फिरली होती. खून गुप्त खात्याने केला असे म्हटले की त्या चर्चेत बसलेल्यांना व मोर्च्यात चाललेल्यांना घरी जाऊन स्वस्थ झोपता येते. गदल्याच्या वेळी बालीसचे नाव होते. बालीसने पाठवले हे लेखात आहे, तरी तलवार चालवणारा यहुदी राजवंशातलाच होता आणि उपास आपण त्यासाठी करतो.

पुराव्याशिवाय संशय किती पिढ्या मागे नेता येतो, हे 1962 ते 1964 या काळात विवाहाच्या प्रश्नावर आपल्या समाजाने भोगले आहे. त्यामुळे अशा गोष्टी चहाच्या वेळी चघळताना निदान आपण तरी जीभ आवरावी.

अभ्यासमंडळांसाठी एक प्रश्न ठेवतो. 40 व्या अध्यायाचे शेवटचे दोन श्लोक पुन्हा वाचावेत. इश्माएलला आधीच मारण्याची परवानगी गदल्याने दिली नाही, आणि याबद्दल गमारा त्याला दोष देत नाही. मग इश्माएल दाराशी आला तेव्हा गदल्याने नेमके काय करायला हवे होते? त्याला जेवायला बसवायचे की नाही? बसवायचे तर पहारा कोणाचा? उत्तरे लिहून पाठवल्यास निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.