जीवाणूचं रोगाचं जनुक शोधतात कसं? ट्रान्सपोझॉनची गोष्ट



अकरावी-बारावीला जनुकं शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, हे जनुक हेच काम करतं, हे कळलं कसं? सूक्ष्मदर्शकातून दिसतं का?" दिसत नाही. ते बंद पाडून बघावं लागतं. घरातल्या मेन बोर्डावर नावं लिहिलेली नसली की आपण एकेक स्विच खाली करतो आणि कुठला दिवा गेला ते बघतो. इथेही तेच आहे. फक्त स्विच पाच हजारांच्या आसपास आहेत, आणि ते खाली करणारं बोट म्हणजे ट्रान्सपोझॉन.

ट्रान्सपोझॉन हा डीएनएचा असा तुकडा, जो एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्यावर काम करताना हे ओळखलं. नोबेल मिळालं १९८३ साली! असा तुकडा एखाद्या जनुकाच्या मधोमध बसला, की ते जनुक निकामी होतं. जीवाणूंसाठी टीएन-५ नावाचा ट्रान्सपोझॉन फार वापरला गेला, कारण त्याच्याजवळ कॅनामायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारं जनुक असतं. माध्यमात कॅनामायसिन घातलं की ज्यांच्यात टीएन-५ शिरला तेवढेच जीवाणू जगतात. शिवाय जनुक कुठे तुटलं तेही सापडतं, कारण तिथे ओळखीचा तुकडा अडकलेला असतो.

आता खरं उदाहरण बघा. घेवड्यावर सुडोमोनास सिरिंगी या जीवाणूचा एक प्रकार रोग पाडतो. पानावर पाणी शोषल्यासारखे डाग येतात आणि त्यांच्याभोवती पिवळसर वलय दिसतं. हाच जीवाणू तंबाखूच्या पानात टोचला तर रोग होत नाही. तंबाखूचं पान त्याला ओळखतं आणि साधारण दिवसभरात तेवढ्या जागेतल्या आपल्याच पेशी मारून टाकतं. जीवाणू तिथेच कोंडला जातो. हा झाडाचा बचाव.

लिंडग्रेन, पीट आणि पॅनोपोलस या संशोधकांनी टीएन-५ वापरून या जीवाणूत अशी तोडफोड केली. १९८६ साली त्यांचा निबंध आला. त्यांना असे जीवाणू सापडले की जे घेवड्याला आजारी पाडत नव्हते, आणि तंबाखूच्या पानातही काही घडवत नव्हते. म्हणजे रोग करायला लागणारी जनुकं आणि पकडलं जायला कारण ठरणारी जनुकं एकच! ती बरीचशी शेजारी-शेजारी आहेत. त्यांना 'हार्प' जनुकं म्हणतात. पुढे कळलं, की यांतली कित्येक जनुकं मिळून सुईसारखी एक नळी बनवतात आणि तिच्यातून जीवाणू आपली प्रथिनं झाडाच्या पेशीत सोडतो. डाळिंबावरचा तेल्या ज्या झॅन्थोमोनस प्रजातीमुळे होतो, तिच्यातल्या रोगकारक जीवाणूंमध्येही अशी जनुकं सापडतात. सांगोला, मालेगाव भागातल्या मुलांना तेल्या वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तिथे धडा तिथूनच सुरू करा.

पुढचा भाग मात्र वेळ नाही म्हणून गाळू नका. मुलं चटकन म्हणतात, "जनुक तुटलं, रोग गेला, म्हणजे ते रोगाचं जनुक." थांबवा त्यांना. समजा तुटलेलं जनुक एखादं अमिनो आम्ल बनवणारं असेल, तर? जीवाणू उपाशी मरेल आणि रोग होणार नाहीच. म्हणून आधी तो साध्या, कमी घटकांच्या माध्यमावर धड वाढतो का ते तपासतात. मग त्याच जनुकाची धडधाकट प्रत त्याच्यात परत घालतात. रोग परत आला, तरच संशय त्या जनुकावर पक्का.

वर्गात करायला एक खेळ आहे. घरून शाळेत येण्याच्या रस्त्याच्या वीस सूचना लिहा. प्रत्येक गटाने न बघता एका सूचनेवर लाल पट्टी चिकटवायची आणि उरलेल्या सूचनांवरून दुसऱ्या गटाने शाळा गाठून दाखवायची, फळ्यावरच्या नकाशावर. कुठे अडलं ते लिहा. "उजवीकडे वडाचं झाड दिसेल" यावर पट्टी पडली तर काहीच बिघडत नाही, हेही मुलांना दिसू द्या. (खऱ्या जीवाणूंवर हा प्रयोग शाळेत करायचा नाही, हे सांगायला नकोच.)

गणिताच्या शिक्षकांनाही बोलवा. जनुकं पाच हजार आणि सगळी सारख्या लांबीची धरली, तर एखाद्या ठरावीक जनुकावर निदान एकदा घाव बसण्याची शक्यता ९५ टक्के व्हायला सुमारे पंधरा हजार जीवाणू तपासावे लागतात. पाच हजार का पुरत नाहीत? कारण पट्टी आंधळी असते. काही जनुकांवर दोनदा-तीनदा पडते, काहींवर एकदाही नाही.

आणि हुशार मुलगी विचारेलच: जगायलाच लागणारं जनुक तुटलं तर? तो जीवाणू बशीत उगवतच नाही, त्यामुळे या पद्धतीला ती जनुकं दिसत नाहीत.