हरणारा नेमबाज
(‘द रायफलमन’ या मालिकेच्या पहिल्या भागाचा अभ्यास)

वाङ्मयाच्या अभ्यासकाने दूरदर्शनवरच्या मालिकेबद्दल लिहावे, आणि तेही घोडेस्वार व बंदुका यांच्या मालिकेबद्दल, हे काहींना हलके वाटेल. मलाही आरंभी तसेच वाटत होते. परंतु वसतिगृहात मोबाइलवर पाहिलेल्या एका जुन्या अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच भागाने मला विचारात पाडले. अवघ्या अर्ध्या तासाच्या त्या कथेत मला काय आढळले, ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

‘वेस्टर्न’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम भागातील जीवनावर आधारलेली कथा. 1955 साली सुरू झालेली ‘गनस्मोक’ ही मालिका वीस वर्षे चालली, आणि 1959 च्या सुमारास तर तिथल्या दूरदर्शनवर अशा पंचवीसहून अधिक मालिका एकाच वेळी दाखवल्या जात होत्या. या गर्दीत ‘द रायफलमन’ एबीसी वाहिनीवर 30 सप्टेंबर 1958 रोजी सुरू झाली आणि 1963 पर्यंत तिचे 168 भाग झाले. पहिल्या भागाचे नाव ‘द शार्पशूटर’, म्हणजे अचूक नेमबाज. लेखक सॅम पेकिनपा, दिग्दर्शक अर्नोल्ड लेव्हन.

कथानक थोडक्यात असे. लूकस मॅकेन हा विधुर आपल्या लहान मुलाला, मार्कला, घेऊन न्यू मेक्सिकोतील नॉर्थ फोर्क या गावी येतो. तिथे एक जागा त्याला आवडते. ती घ्यावी, गुरे पाळावी आणि मुलाला एका जागी वाढवावे एवढीच त्याची इच्छा असते. पण पुरेसा पैसा नसतो. गावात नेमबाजीची स्पर्धा असते. लूकसच्या हातात रायफल असली की नेम चुकत नाही, तेव्हा तो स्पर्धेत उतरतो. त्याचा प्रतिस्पर्धी व्हर्नन हा कोवळा तरुण आपल्या चुलत्याबरोबर आलेला असतो. गावावर सत्ता चालते ती जिम लुईस याची. त्याने व्हर्ननवर पैसा लावलेला असतो. तो लूकसला बजावतो की, जिंकलास तर तुझा मुलगा जिवंत राहणार नाही. लूकस मुद्दाम नेम चुकवतो आणि हरतो.

माझ्या मते साऱ्या भागाचे मर्म या एका चुकलेल्या गोळीत आहे. अशा कथांचा एक ठरलेला रिवाज असतो : नायकाच्या अंगी एखादे असामान्य कौशल्य असते आणि योग्य वेळी ते प्रकट होते. इथे नायकाची ओळख करून देतानाच लेखकाने त्याला त्याच्या कौशल्यात हरवले आहे. जमलेल्या लोकांना चुकलेला नेम दिसतो. मार्कच्या डोळ्यांसमोरही त्या क्षणी बापाचा पराभवच असतो. खरा प्रकार लुईसला ठाऊक आहे, लूकसला ठाऊक आहे आणि आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना, ठाऊक आहे. नेम साधायला हात स्थिर लागतो, हे आपण जाणतो; पण सर्वांदेखत तो चुकवायला मन किती स्थिर लागत असेल, याचा विचार मी तोपर्यंत केला नव्हता.

या कथेच्या घडणीचा इतिहासही उद्बोधक आहे. पेकिनपा यांनी ही कथा मुळात ‘गनस्मोक’साठी लिहिली होती, ती तिथे नाकारली गेली. नायकाला मुलगा असावा ही कल्पना पुढे लेव्हन यांनी सुचवली. ही भर किरकोळ नाही. एकट्या नेमबाजाला धमकी देऊन देऊन काय देणार? त्याच्या स्वतःच्या जिवाची, आणि ती तो हसण्यावारी नेईल. मूल आले, की त्याच माणसाला हरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मुलगा येताच शौर्याच्या कथेची जबाबदारीची कथा झाली.

आता या भागाचा दोषही सांगितला पाहिजे. गोष्ट त्या पराभवावर थांबत नाही. पुढे व्हर्ननचा चुलता मारला जातो, लूकस लुईससमोर उभा ठाकतो आणि अखेर रायफलनेच निकाल लागतो. मालिकेच्या शीर्षकदृश्यात तर लूकस रस्त्यावरून चालत धडाधड बार उडवताना दिसतो. ती मोठ्या कडीची विंचेस्टर रायफल 1892 सालच्या बनावटीची, आणि कथेचा काळ मात्र 1880 नंतरच्या दशकाचा! म्हणजे इतिहासापेक्षा बंदुकीची ऐट निर्मात्यांना अधिक प्रिय होती. पेकिनपा यांचे निर्मात्यांशी पुढे पटले नाही आणि त्यांनी मालिका सोडली. हरण्यातले सामर्थ्य दाखवून लगेच गोळीने हिशेब पुरा करणे, ही मला या कथेतील तडजोड वाटते. ज्याच्या हाती रायफल नाही, त्याने मुलासाठी पत्करलेला पराभव मग तसाच राहायचा काय?

हा प्रश्न मला सुचला त्याला कारण आहे. मी बारावीत असताना आमच्या शेताच्या बांधावरून वाद निघाला. शेजाऱ्याने बांध सरकवला होता, हे सगळ्या गावाला दिसत होते. वडील मोजणी आणतील, भांडतील, असे मला वाटले होते. ते गप्प बसले. मी त्यांना तोंडावर भित्रे म्हणालो. त्यांनी उत्तर दिले नाही. मोजणी आणि कोर्टकचेरीचा पैसा तो माझ्या प्रवेशासाठी राखून ठेवला होता, हे मला आईकडून कळले, तेही कॉलेजात आल्यावर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बांध मात्र आजही सरकलेलाच आहे.

लूकसला शेवटी न्याय मिळतो, कारण मालिका पुढे चालवायची असते. तरीही पेकिनपा यांच्या लेखणीचे ऋण मी मानतो. तो चुकलेला नेम पाहिला नसता, तर वडिलांच्या गप्प राहण्याचा अर्थ मला इतक्या स्पष्टपणे उमगला नसता. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांच्याबरोबर बांधावरून चालत गेलो. माफी मागायचे मनात होते. शब्द फुटले नाहीत. त्यांच्या हातातले खुरपे तेवढे मी घेतले.