वाटा कितीला पडला? : जुनी कॉमिक्स, ऑनलाइन सवलत आणि पाचवीचा गणिताचा तास



आजचा पाठ माझ्या एका चुकीतून तयार झाला आहे, म्हणून आधी ती चूकच सांगते.

मी वरळी कोळीवाड्यातल्या एका शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात खिडकीखाली वाचनाचा कोपरा आहे. तिथल्या गोष्टीच्या पुस्तकांवर धूळ बसायची. मग एक दिवस वर्गातल्या एका मुलाने आजोबांच्या पेटीतलं मराठी इंद्रजाल कॉमिक्स आणलं. वेताळाचं. कव्हर अर्धं फाटलेलं, पानांना खाऱ्या हवेचा वास. आठवडाभर तो अंक एका हातातून दुसऱ्या हातात फिरला आणि शेवटी त्याची पानं सुटी झाली. सलग दोन ओळी वाचायला कंटाळणारी मुलं "बाई, याच्या पुढचा भाग कुठे मिळेल?" असं विचारू लागली. कोणत्याही शिक्षकाला यापेक्षा जास्त काय हवं?

आपल्यापैकी अनेकांना ही नावं ठाऊक आहेत, पण मुलांना सांगायला म्हणून थोडी माहिती देते. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. परदेशी फँटम मराठीत वेताळ होऊन आला. आबिद सुरतींचा बहादूर १९७६ मध्ये त्यात दाखल झाला. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इथेच मुंबईत अमर चित्र कथा सुरू केली. तिचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, म्हणून आपला 'कृष्ण' अकराव्या क्रमांकावर आला. चांदोबा मराठीत १९५२ पासून. तो काटेकोरपणे कॉमिक्स नव्हे, पण त्यातल्या विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आमच्या मुलांनी लगेच इंद्रजालच्या वेताळाशेजारी नेऊन बसवला. दोघांत भांडण झालं तर कोण जिंकेल यावर एक अख्खी मधली सुट्टी गेली.

तर, मुख्याध्यापकांना विचारून आम्ही जुने अंक घ्यायचं ठरवलं. मुलांनी बारा अंकांची यादी केली, चांदोबाचे सात आणि मराठी अमर चित्र कथेचे पाच. चोवीस पालकांनी आपणहून ५० रुपये दिले. एकूण १,२०० रुपये. ही रक्कम तुम्हाला लहान वाटेल. पण महिना जुलैचा होता. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि घरात साठवणीतला पैसा चालू असतो. त्या दिवसांतले ५० रुपये वेगळे असतात.

जुने अंक विकणाऱ्या एका संकेतस्थळावर आमचे बाराही अंक मिळाले. प्रत्येकापुढे '१५०' खोडून '९०' लिहिलेलं, शेजारी लाल अक्षरांत '४० टक्के सूट'. बारा नव्वदे १,०८०. घरपोच आणण्याचा खर्च ६०. इतक्यात वर पट्टी झळकली : १,५०० च्या पुढे खरेदी केली तर कूपनवर आणखी २० टक्के सूट आणि घरपोच खर्च माफ. बाजूला घड्याळ उलटं धावत होतं, बारा मिनिटं, अकरा मिनिटं. मी घाईघाईने आणखी पाच अंक टोपलीत टाकले. सतरा अंकांचे १,५३०. वीस टक्के म्हणजे ३०६ रुपये सुटायला हवे होते, सुटले २५०. कारण खाली बारीक अक्षरांत 'जास्तीत जास्त २५०' असं होतं. राहिले १,२८०. शेवटच्या पानावर ४० रुपये 'हाताळणी शुल्क' उगवलं. एकूण १,३२०. वरचे १२० मी माझे घातले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'अभिनंदन! तुमची १,२७० रुपयांची बचत झाली.' खरं सांगते, मला आनंदच झाला होता.

पार्सल आलं. यादीतले बारा अंक ठीक होते. घाईत टाकलेल्या पाचांपैकी दोन यादीतलेच पुन्हा आलेले, एक हिंदी, आणि दोघांची मधली पानं गायब. जुन्या अंकांना परतावा नाही, हेही बारीक अक्षरांतच होतं.

पालकसभेत मी हिशेब वाचून दाखवला. सूट किती, बचत किती, सगळं अभिमानाने. मागे बसलेल्या एका मुलीच्या आईने विचारलं, "ते बचतीचं राहू द्या. बाई, वाटा कितीला पडला?"

ताई मासळी विकतात. कोलंबी, मांदेली, बोंबील यांचे वाटे लावून बसायचं, हे त्यांचं रोजचं काम. मी पटकन भागाकार केला, १,३२० भागिले १७, साधारण ७८ रुपये. त्या हसल्या. "पाच तर नरम निघाले ना? नरम मासळी घालून वाटा मोठा दिसतो. गिऱ्हाईक घरी जाऊन निवडतं, तेव्हा कळतं." पुन्हा भागाकार. १,३२० भागिले १२, बरोबर ११० रुपये. आणि कूपनच्या नादी लागलेच नसते तर? १,०८० अधिक ६० अधिक ४०, म्हणजे १,१८०. अंकाला ९८ रुपयांच्या आसपास. निधीत बसून वर २० रुपये उरले असते.

डी.एड.ला असताना मी 'परिसरातून गणित' यावर छान टिपण लिहिलं होतं. परिसर समोर बसून गणित विचारत होता आणि मी हिरवी अक्षरं वाचत होते.

दुसऱ्या दिवशीचा गणिताचा तास याच पार्सलवर घेतला. आपल्या आठवीच्या पुस्तकात 'सूट व कमिशन' असं प्रकरण आहे, पण मोबाईल मुलांच्या हातात आठवीच्या खूप आधी येतो. पाचवीत सूत्राची गरज पडत नाही. शंभर घरांचा चौकोन काढायचा आणि 'वीस टक्के' म्हणजे शंभरातली वीस घरं रंगवायची, एवढं पुरतं. मी फळ्यावर लिहिलं : २० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के सूट, एकूण किती? सगळा वर्ग ओरडला, तीस! तेव्हा एकाने स्वतःहून उदाहरण काढलं. शंभर बोंबील वाळत घातले. मांजराने वीस नेले. राहिले ऐंशी. मग कावळा आला आणि उरलेल्यातले दहा टक्के घेऊन गेला. कावळ्याला किती मिळाले? आठ. म्हणजे गेले अठ्ठावीस, राहिले बहात्तर. मी यापेक्षा चांगलं समजावू शकले नसते. तुमच्या गावात बोंबील नसतील तर पापड घ्या, मांजर आणि कावळा सगळीकडे आहेत.

पण माझ्या मते या तासातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे : टक्के कशाचे? मुलांना मी चांदोबाचा एक अंक दिला आणि छापील किंमत शोधायला सांगितली. १९८० च्या दशकातला अंक. किंमत दोन आकडीसुद्धा नव्हती. मग संकेतस्थळावर खोडलेले १५० आले कुठून? कोणी कधी तो अंक १५० ला विकला होता का? मुलं गप्प झाली. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, आधी भाव चढवून सांगायचा आणि मग कमी करायचा. आमची आजी पण करते." वर्ग हसला. फरक एवढाच की आजीपुढे गिऱ्हाईक उलट घासाघीस करतं. पडद्याशी घासाघीस करता येत नाही.

इथे विक्रेत्याच्या बाजूनेही बोलायला हवं. जुन्या अंकाचा भाव छापील किमतीपेक्षा जास्त असणं यात फसवणूक नाही. बंद पडलेल्या मासिकाचा अंक पुन्हा छापला जात नाही, आहेत त्या प्रतींतल्या काही वाळवी खाते, काही रद्दीत जातात. धड अवस्थेतलं मराठी इंद्रजाल संग्राहक मागेल ती किंमत देऊन घेतात. बंदीच्या दिवसांत पापलेट कोणी स्वस्त देतं का? सूट मिळते ती ज्याची आवक भरपूर आहे त्यावर. अमर चित्र कथेची पुस्तकं आजही छापली जातात, म्हणून त्यांवर सणासुदीला कूपनं निघतात. तेव्हा वाचायला हवं असेल तर नवी आवृत्ती कूपनने घ्यावी, जुन्या प्रतीच्या मागे लागू नये. आणि खरोखर दुर्मीळ अंकावर ६० टक्के सूट दिसली, तर आधी त्याची सगळी पानं मोजलेली आहेत का ते विचारावं. अंकाचा महिना-वर्ष, पानांची संख्या, मूळ प्रत की पुनर्मुद्रण, भाषा कोणती, हे चार प्रश्न लेखी विचारून फोटो मागवावेत. मी यातला एकही विचारला नव्हता.

त्या धावत्या घड्याळाचीही एक गंमत. वर्गात आम्ही तेच पान पुन्हा उघडलं. घड्याळ परत बारा मिनिटांपासून सुरू! याला आता नियमात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत. खोटी घाई निर्माण करणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, शुल्क शेवटच्या क्षणी उघड करणं, हे सगळं त्यात येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे एकूण किंमत आणि तिची फोड दोन्ही दाखवावी लागते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मुलांनी तो वहीत मागच्या पानावर लिहून घेतला. पालकांनीही घ्यावा.

विकत घेण्याआधी फुकट काय आहे तेही बघा. 'बालभारती'चं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मंडळाने ऑनलाइन मोफत वाचायला ठेवले आहेत. आम्ही ते वर्गातल्या मोठ्या पडद्यावर वाचतो. रविवारी जमलं तर माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला किंवा फोर्टात फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे जा. अंक हातात घेऊन पानं चाळता येतात, आणि घासाघीसही होते. टपालाने पुस्तकं मागवणाऱ्यांसाठी एक बारकावा : मे २०२५ पासून सुरू झालेल्या 'ज्ञान पोस्ट'मध्ये ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपयांत जातं, पण ठरावीक काळाने निघणाऱ्या प्रकाशनांना ही सेवा नाही. म्हणजे जुनं मासिक पाठवताना ती गृहीत धरू नका.

त्या पाच नरम अंकांचं काय केलं, असं विचाराल. दोन जादा प्रतींतल्या संवादांच्या फुग्यांवर पांढरा कागद चिकटवला आणि मुलांनी आपल्या घरच्या कोळी बोलीत नवे संवाद लिहिले. राजा विक्रम वेताळाला जे काही बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. हिंदी अंक शेजारच्या वर्गाला दिला. गायब पानांच्या दोन अंकांत मधली गोष्ट मुलांनीच चित्रं काढून भरली.

दिवाळीआधी आम्ही पुन्हा खरेदी केली. या वेळी पैसे शाळेच्या रद्दीचे, ९०० रुपये. यादी मुलांनी पसंतीच्या क्रमाने केली, अमर चित्र कथेच्या नव्या मराठी आवृत्तीची दहा पुस्तकं, आणि ठरवलं की पैसे संपतील तिथे रेघ मारायची. एका पुस्तकाचे १०५. आठ पुस्तकांचे ८४०, घरपोच ५०, एकूण ८९०. रेघ आठव्या नावाखाली आली. तेवढ्यात कूपन दिसलं. १,००० च्या पुढे १५ टक्के सूट, घरपोच माफ. मी म्हटलं, नको, पुन्हा तेच. पण मुलं ऐकेनात, त्यांनी कागद घेतला. दहा पुस्तकांचे १,०५०. पंधरा टक्के म्हणजे १५७ रुपये ५० पैसे. उरले ८९२ रुपये ५० पैसे. सुटीला वरची मर्यादा आहे का, ते एकाने बारीक अक्षरांत शोधलं. नव्हती. शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहिलं, वेगळं शुल्कही नव्हतं. म्हणजे अडीच रुपयांत आणखी दोन पुस्तकं.

"पण ती दोन आपल्याला हवीत का?" त्या ताईंच्या मुलीने विचारलं. यादी काढली. नववं आणि दहावं नाव तीच दोन होती. मग मी बटण दाबलं. वाटा ८९ रुपये २५ पैशांना पडला, साडेसात रुपये उरले, आणि मुलांच्या अक्षरातला तो हिशेबाचा कागद पालकसभेच्या वहीत चिकटवला आहे.