लहान इंजिनाला लहानच टर्बो

परभणीत बाराशे सीसीच्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हॉर्सपॉवर किती निघेल? माझ्या मते इथेच गाडं चुकतं. विचारायचं ते हे, की आपली गाडी दिवसभर किती आरपीएमवर चालते आणि तेवढ्यावर टर्बो हवा दाबू शकेल का. जिंतूर रोड घ्या की गंगाखेड रोड, उसाचे ट्रॅक्टर, काळ्या मातीने उचललेला रस्ता, मध्येच लागणारी गावं. इंजिन बहुतेक वेळ दीड ते साडेतीन हजारांतच फिरतं. साडेपाच हजारांवर मिळणारी ताकद कागदावर छान दिसते. ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे टाकताना पिकअप लागतो तो अडीच हजारांवर.

याचा पुरावा आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावला आहे. फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसीचं डिझेल इंजिन, पुण्याजवळ रांजणगावला बनायचं आणि मारुतीही ते बनवायची. स्विफ्टमध्ये त्याला साधा टर्बो होता: ७५ पीएस, आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमला. एसएक्स४ आणि एर्टिगामध्ये त्याच इंजिनाला पाती हलवता येणारा, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो आला: ९० पीएस, आणि २०० न्यूटन-मीटर १७५० आरपीएमला. इंजिन तेच, टर्बो वेगळा, आणि गाडीचा स्वभावच बदलला. स्विफ्ट डिझेल चालवलेल्या कोणालाही विचारा. दोन हजारांच्या खाली गाडी मंद आणि काटा वर सरकला की एकदम उसळी. चाचणीची सगळी साधनं हाताशी असलेल्या कारखान्यालाही लहान इंजिनातला हा लॅग पुरता घालवता आला नाही. मग अंदाजाने उचललेला मोठा टर्बो काय करील, हे सांगायला नको.

हिशेब तसा सोपा आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. म्हणजे ११९७ सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा ओढू पाहतं. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८५ टक्के, सुमारे ३००० लिटर धरा. अर्धा बार बूस्ट दिला आणि इंटरकूलरनंतर हवा ६० अंशांवर आली, तर वजनात ती मिनिटाला पावणेपाच किलोच्या आसपास भरते. २५०० आरपीएमला फक्त दोन किलो. आपल्याला टर्बो हवा तो या दोन आकड्यांच्या मध्ये नीट काम करणारा. अडीचशे हॉर्सपॉवरचा टर्बो मिनिटाला आठ-नऊ किलो हवेवर रंगात येतो. आपल्या इंजिनाचा एक्झॉस्ट त्याचं टर्बाइन वेळेवर फिरवूच शकत नाही. म्हणून कॉम्प्रेसर मॅप, म्हणजे किती हवेला टर्बो किती कार्यक्षम चालतो याचा आलेख, दाखवल्याशिवाय जो टर्बो विकतो, त्याच्याकडून घेऊ नये.

यावर लोक म्हणतात, पुढे इंजिन आणखी तयार करू, आत्ताच मोठा घेऊन ठेवू. पण आड येतं ते इंजिनच. टर्बोशिवाय चालण्यासाठी बनलेल्या आजच्या पेट्रोल इंजिनांचं कॉम्प्रेशन ११:१ च्या घरात असतं, आणि त्यात आपल्याकडचा उन्हाळा. ४२ अंशांची हवा दीडपट दाबली, कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तरी ती ९७ अंशांच्या आसपास बाहेर पडते. टर्बो मापाचा नसेल आणि ५५ टक्क्यांच्या पट्ट्यात राबत असेल तर ११० च्या पुढे. एवढी तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की नॉकिंग सुरू होतं, आणि ते चालू दिलं तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलमुळे ऑक्टेन वाढला हे खरं, इथेनॉलने हवा थोडी थंडही होते. पण तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, म्हणजे इंजेक्टर अपुरे पडतात. ऑक्टेनची ती बचत मे महिन्यासाठी राखून ठेवावी. मूळ पिस्टनवर परभणीत अर्धा बार हीच मी हद्द मानतो, आणि पैसा आधी इंटरकूलर व ईसीयू ट्यूनिंगवर घालावा.

दुसरा मोह भंगारातल्या डिझेल टर्बोचा. माप जुळतं, स्वस्तही पडतो. पण डिझेलचा एक्झॉस्ट ७००-८०० अंशांचा, पेट्रोलचा ९००-९५० अंशांपर्यंत जातो. हलत्या पात्यांचा टर्बो तर ही धग सोसण्यासाठी बनलेलाच नसतो. पोर्शने २००६ मध्ये ९११ टर्बोला तसा टर्बो दिला तेव्हा त्यासाठी खास मिश्रधातू वापरावे लागले.

कोण तपासतंय, असंही ऐकू येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांवर बंधन घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर विम्याचा दावा इथेच अडकतो. रोजच्या गाडीसाठी माझा सल्ला सरळ आहे: ती विकून कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली घ्या. स्वतः टर्बो बसवायचा तो ट्रॅकवरच्या गाडीला, आणि मापाचा हिशेब मग वरचाच.

तिथेही जुना टर्बो घेत असाल तर कॉम्प्रेसरच्या टोकाचा नट चिमटीत धरून हलवून बघा. शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो, त्यामुळे आडवा किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे सरकलेला हाताला जाणवता कामा नये. पात्यांची टोकं घासलेली दिसली, तर तो तिथेच ठेवा. कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळची धूळ उघड्या कोन फिल्टरने अडत नाही, म्हणून मूळ बंद एअरबॉक्सच ठेवा. तेल सिंथेटिक घाला, पाच हजार किलोमीटरला बदला, आणि जोरात पळवून आणल्यावर बंद करण्याआधी गाडी मिनिटभर तरी आयडलवर ठेवा; नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा धरतं.