सोमवारची गोळी

पाकिटावरचं अक्षर माझंच होतं. ते मी पहिल्या दिवसापासून मान्य केलंय. तरीही सहा वर्षं झाली, गावात कुणी ना कुणी ऐकवतंच, "ती डिप्लोमाची पोरगी, जिने म्हातारीला उलटी औषधं दिली." म्हणून एकदा सगळं लिहून काढते. फार्मसीला नुकताच प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना याचा उपयोग होईल, आणि माझी बाजूही एकदा पूर्ण सांगून होईल.

मेडिकल दुकानातल्या ट्रेनिंगचा दुसरा महिना होता. शनिवार, आठवडी बाजार, काउंटरवर झुंबड. एक गृहस्थ आईची चिठ्ठी घेऊन आले. आईला संधिवात. वरच्या ओळीत मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम, पुढे एकचा आकडा आणि मंडे या शब्दाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं, तीही शाई फुटलेली. खालच्या ओळीत फॉलिक अ‍ॅसिड पाच मिलिग्रॅम, पुढे ओडी. दोन्ही ओळींना मिळून उजवीकडे एक महिरपी कंस आणि कंसाबाहेर 'चार आठवडे'.

मी विचारलं, "सर, वरच्या गोळीलाही ओडीच आहे का?" मालकांनी गल्ल्यातून मान वर न करताच सांगितलं, "कंस दिसत नाही का? दोन्ही रोज एक." तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर सोमवार-सोमवार असं काहीतरी म्हणत होते." त्यावर मालक म्हणाले, "मग सोमवारपासून सुरू करा." मी पाकिटावर लिहिलं, 'सोमवारपासून रोज सकाळी १'. मेथोट्रेक्सेटच्या तीन पट्ट्या दिल्या. तीस गोळ्या.

मी विचारलं होतं, हे मला ठासून सांगायचं आहे. पण दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिथे माझी चूक आहे, आणि ती तेवढीच आहे.

मेथोट्रेक्सेट मला माहीत नव्हतं असंही नाही. फार्माकॉलॉजीत वर्गात सर्वांत जास्त गुण माझे होते. पण माझ्या वहीत ते कर्करोगाच्या प्रकरणात होतं: अँटिमेटाबोलाइट, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या एन्झाइमला अडवतं. हेच औषध संधिवातासाठी अगदी कमी मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच देतात, हे दुसऱ्या प्रकरणात एका ओळीत होतं. ती ओळ परीक्षेला कधी आलीच नव्हती. पहिली सूचना इथेच देते, कारण ती मला फार महागात पडली. औषध प्रकरणानुसार पाठ करू नका. प्रत्येक औषधाला वहीत एक वेगळं पान द्या आणि त्यावर ते कुठल्या कुठल्या आजारात, किती मात्रेत आणि किती दिवसांनी देतात ते एकाखाली एक लिहा. मेथोट्रेक्सेट, प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, अ‍ॅस्पिरिन यांची पानं तर पहिल्याच आठवड्यात तयार करा.

मग मंगळवार आला, म्हणजे दुसरा मंगळवार. संध्याकाळी तेच गृहस्थ परत आले. "आईचं तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स द्या आणि लावायला काहीतरी द्या. पाणीही गिळवत नाही." मालकांनी बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणि एक जेल काढून ठेवलं. मी बिल करत होते. फॉलिक अ‍ॅसिडही संपत आलंय म्हणून त्यांनी जुनं पाकीट काउंटरवर रिकामं केलं, तेव्हा त्यातून मेथोट्रेक्सेटची पट्टी बाहेर पडली. नऊ खळगे फुटलेले, एक गोळी शिल्लक.

ते नऊ खळगे अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. मला आधी आठवला तो शब्द, औषध नंतर. स्टोमॅटायटिस. स्टोमा म्हणजे तोंड, आयटिस म्हणजे दाह. आमच्या मॅडमनी शब्द फोडून शिकवले होते, त्याबद्दल त्यांचे उपकार मानते. दुष्परिणामांच्या यादीत स्टोमॅटायटिसच्या शेजारी ल्युकोपेनिया होतं. ल्युको म्हणजे पांढरं, पेनिया म्हणजे ग्रीकमध्ये दारिद्र्य. पांढऱ्या पेशींचं दारिद्र्य. ज्या पेशी झपाट्याने नव्या होतात, त्यांनाच हे औषध आधी मारतं: तोंडाचं अस्तर, आतडं, हाडांतला मगज. तोंड सोलून निघालंय म्हणजे आत मगजातही तेच चाललं असणार. नऊ दिवसांत नऊ गोळ्या, साडेसदुसष्ट मिलिग्रॅम. आजींना तेवढ्या दिवसांत दोनच गोळ्या, म्हणजे पंधरा मिलिग्रॅम जायला हवं होतं.

मी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "हळू बोल. बी-कॉम्प्लेक्सने बरं होईल. उगाच माणसाला घाबरवू नकोस."

मी ऐकलं नाही. त्या गृहस्थांना दुकानाबाहेर गाठलं आणि म्हणाले, "काका, ही गोळी आत्ताच्या आत्ता बंद करा. ही पट्टी आणि चिठ्ठी घेऊन आजींना आज रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या, आणि ही रोज घेतली गेली हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा." त्यांनी नेलं. पांढऱ्या पेशी खूप खाली आल्या होत्या. किडनीही थोडी मंद होती, त्यामुळे औषध शरीरातून बाहेर पडत नव्हतं, त्यातच गुडघ्यांसाठी रोजची वेदनाशामक गोळी चालू होती. फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं दिली. अकरा दिवसांनी आजी घरी आल्या.

फॉलिक आणि फोलिनिक या दोन शब्दांवर जरा थांबा, कारण चिठ्ठीवर ते जुळ्या बहिणींसारखे दिसतात. फोलियम म्हणजे लॅटिनमध्ये पान. १९४१ साली पालकाच्या पानांतून हा पदार्थ वेगळा काढला, म्हणून त्याचं नाव फॉलिक. शरीराला तो वापरता यावा म्हणून त्याला आधी डायहायड्रोफोलेट रिडक्टेजमधून जावं लागतं, आणि मेथोट्रेक्सेटने नेमकं तेच दार बंद केलेलं असतं. म्हणून अशा विषबाधेत फॉलिकच्या गोळ्या वाढवून भागत नाही. फोलिनिक त्या दारापलीकडूनच आत येतं. एका अक्षराएवढ्या फरकावर माणूस वाचतो.

हे आम्हाला तक्त्यात शिकवलं, गोष्टीत कुणी सांगितलं नाही. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या अ‍ॅनिमियाचा अभ्यास करू लागली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा होतो असं तिने १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुण म्हणजेच पुढचं फॉलिक अ‍ॅसिड. पुढे अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या गटाने फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या तयार केलं आणि त्याला विरोध करणारे रेणूही, ज्यांतून मेथोट्रेक्सेट आलं. गिरणीतल्या त्या बायकांपासून निघालेली ही वाट कुणी पहिल्याच तासाला दाखवली असती, तर 'मेथोट्रेक्सेट' आणि 'फॉलिक' एकाच चिठ्ठीवर दिसताच माझा हात थांबला असता. दोघं शत्रू एकत्र लिहिले जातात तेव्हा बहुतेक वेळा वरचं औषध आठवड्याचं असतं. अशी जोडी दिसली की विचारल्याशिवाय हलू नका.

आता मालकांबद्दल. आजी दवाखान्यात असताना नातेवाईक दुकानात आले. मालकांनी पाकीट त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "अक्षर कुणाचंय बघा. माझ्या दुकानात वीस वर्षांत असं झालं नाही." मी तिथेच उभी होते. 'कंस दिसत नाही का' हे त्यांचं वाक्य त्यांना आठवत नव्हतं. दुकानाच्या भिंतीवर ज्यांचं नोंदणी प्रमाणपत्र काचेत लावलं होतं, ते फार्मासिस्ट दोन महिन्यांत मला दोनदाच दिसले होते. कायद्याप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच औषध द्यायचं असतं. ती देखरेख भिंतीवर होती. कॉलेजनेही मला माफीचं पत्र लिहायला लावलं. मी लिहिलं. त्याची मला आजही चीड येते.

आता जे जसं आठवेल तसं सांगते.

ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस ही लॅटिनची लघुरूपं पाठ करा, पण त्यांवर विश्वास ठेवू नका. ओडी म्हणजे ओम्नी डिए, रोज एकदा. पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. एचएस म्हणजे झोपताना. एसओएस म्हणजे गरज लागली तरच, आणि पेशंटला 'एसओएस' असं सांगून परत पाठवलंत तर तो दिवसातून चार वेळा घेईल. इन्सुलिनच्या युनिटसाठी इंग्रजी यू लिहिला की तो शून्यासारखा वाचला जातो आणि दहाचे शंभर होतात. आठवड्यासाठी तर सर्वमान्य लघुरूपच नाही. वाराचं नाव पूर्ण लिहा, मराठीत, आणि खाली 'बाकीचे सहा दिवस ही गोळी नाही' असंही लिहा.

आमच्या दुकानातल्या पाकिटावर तीनच चौकोन छापलेले होते: सकाळ, दुपार, रात्र. एक-शून्य-एक या पद्धतीत आठवड्याला जागाच नाही, त्यामुळे जे काही येतं ते रोजचं होऊन बसतं. मला वाटतं माझ्या हातून चूक निम्मी त्या चौकोनांनी करून घेतली.

गोळ्यांचा हिशोब करा. ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट आहे. चिठ्ठीवर चार आठवडे आणि सोमवार, म्हणजे गोळ्या चार. मी तीस दिल्या. संख्या, दिवस आणि मात्रा या तिन्हींचा मेळ बसत नसेल तर चिठ्ठी वाचण्यात काहीतरी चुकलंय. 'पट्टी तोडू नको' असं मालक म्हणतील, तरी आठवड्याच्या औषधाची पट्टी तोडा आणि मोजून द्या. तोडताना मुदतीची तारीख असलेला भाग पेशंटकडे जाऊ द्या.

नावाच्या शेपटीवरून गट ओळखायला शिका: प्रिल, सार्टन, ओलॉल, स्टॅटिन. पण शेपटी फसवतेही. ओमेप्राझोल आम्लपित्ताचं, अ‍ॅरिपिप्राझोल मनोविकाराचं. ब्रँडची नावं तर त्याहून फसवी. फॅल्सिगो आणि फॅल्सिटॅब या मलेरियाच्या दोन सारख्या नावांचा वाद २००१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जेनेरिक नाव वाचा. वाचता येत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. फोन केला म्हणून कुणी रागावलं तर रागावू द्या. २०१६ पासून डॉक्टरांनी वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम आहे, तेव्हा विचारण्यात आपला अपराध नाही.

नीट झोपा, गर्दीत घाई करू नका, शंका वहीत लिहा, हे सगळे सांगतात, मीही सांगते.

पेशंटच्या तोंडून ऐका. "डॉक्टर सोमवार म्हणत होते" हे वाक्य त्या दिवशी दुकानात बोललं गेलेलं एकमेव खरं निदान होतं, आणि जो फार्मसी शिकला नाही त्याने ते उच्चारलं.

आजी आता बऱ्या आहेत. मागच्या दिवाळीला त्यांनी मला घरी बोलावून चकल्या दिल्या आणि गोळ्यांचा डबा दाखवला. मेथोट्रेक्सेटची पट्टी त्यांनी स्वतःच वेगळ्या पिशवीत ठेवलीय, वर सुनेकडून 'सोमवार' लिहून घेतलंय.

आणि एक शेवटचं, ट्रेनिंगला जाणाऱ्यांसाठी. तासांच्या डायरीवर दर शनिवारी मालकांची सही घ्या, महिना संपायची वाट बघू नका. सही मागायला मला संकोच वाटायचा. त्या मंगळवारनंतर मालकांनी सही द्यायला नकार दिला. ५०० तासांपैकी माझे ३१० तास त्या दुकानात राहिले, आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या मेडिकलमध्ये मी पुन्हा पहिल्या तासापासून सुरुवात केली.