क्रूझरवर कंबर का भरून येते?

प्रश्न : माझ्याकडे बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझ आहे. रत्नागिरीला जाताना आंबा घाट येईपर्यंत कंबर अगदी भरून येते. काय करावे?
– एक वाचक, माधवनगर

उत्तर : तुमच्या गाडीची सीट जेमतेम ७३७ मिमी उंच आणि फूटरेस्ट पुढे आहेत. पाय पुढे गेले की भार माकडहाडावर आणि कमरेवर येतो. खड्ड्यात पायांवर जोर देऊन अंग उचलताही येत नाही. म्हणून हँडलपासून सुरुवात करा. उभी गाडी कुणाला तरी धरायला सांगा, सीटवर नीट मागे सरकून बसा आणि हात सैल पुढे करा. मुठी धरताना पाठीला बाक येत असेल, तर मेकॅनिककडून क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडे तुमच्याकडे फिरवून घ्या. कोपरात किंचित वाक हवा. नंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणल्या जात नाहीत ना, हे बघाच. ही तपासणी बरेच जण टाळतात आणि ते धोक्याचे आहे.

मागचे दोन्ही शॉकअप एकाच खाचेवर ठेवा : एकटे असाल तर मऊ, डबलसीट असाल तर कडक. पाठीवरची सॅक मात्र आजच उतरवा, मागच्या सीटवर बांधा. कोल्हापूर आणि मलकापूरला उतरून पाच मिनिटे चाला.

दुखणे पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा.