रिकाम्या रकान्यांपाशी

पवनी तालुक्यातलं आमचं गाव वैनगंगेच्या जवळ, चारही बाजूंनी धानाच्या बांध्या. आजीच्या डाव्या पायाला हत्तीरोग आहे, मला आठवतं तेव्हापासून. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या डेटाबेसांकडे मी वळले ती त्या पायामुळेच. जंतूची आधी कधी गाठ पडलेली नसली तरी पहिल्या काही तासांत शरीर जे करतं, त्याचा हिशेब या डेटाबेसांत असतो. अकरा वर्षं त्यांत वावरल्यावर जे उमगलं ते लिहून ठेवते आहे.

१. मी आजार शोधायला गेले होते आणि तिथली भाषा जनुकांची होती. इनेटडीबी हा २००८ साली कॅनडात उभा राहिलेला डेटाबेस. माणूस आणि उंदीर यांची जनुकं त्यात आहेत, पुढे गाईचीही आली. कोणतं प्रथिन कोणाला चिकटतं, कोण कोणाला जागं करतं, हे तिथे कळतं. पण ‘पाय का सुजतो’ या प्रश्नाचे आधी तुकडे करावे लागतात. हत्तीरोग ज्या जंतामुळे होतो त्याचा कोणता भाग? कोणत्या पेशीला दिसला? त्या पेशीवरच्या कोणत्या ग्राहक-प्रथिनाने (रिसेप्टरने) तो टिपला? नीट प्रश्न विचारायला शिकण्यातच माझी दोन वर्षं गेली. ती वाया गेली असं मला वाटत नाही.

२. पडद्यावरच्या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी डोळे शिणवून वाचलेलं असतं. हे मला कळलं ते मी स्वतः महिनाभर शोधनिबंध वाचून नोंदी भरल्या तेव्हा. प्राणी कोणता, पेशी कोणती, प्रयोगाची पद्धत कोणती, असे रकाने. एका निबंधात पेशी माणसाच्या की उंदराच्या हेच स्पष्ट नव्हतं. मी मागच्या निबंधात गेले, तिथून त्याच्याही मागच्या. संध्याकाळ झाली तेव्हा एक ओळ भरून झाली होती. त्या दिवसापासून अशी ओळ मी घाईने वाचू शकत नाही.

३. एकाच माणसाला गावात तीन नावं असतात, तसं प्रथिनांचंही असतं. विषाणू पेशीत शिरल्याची वर्दी पुढे देणारं एक प्रथिन २००५ साली चार गटांनी वेगवेगळं शोधलं आणि चार नावं ठेवली : मॅव्हस, आयपीएस-१, व्हिसा, कार्डिफ. माझ्या यादीत त्यांतली दोन नावं दोन प्रथिनं म्हणून बसली होती. त्या यादीवरून काढलेली पूर्ण आकृती पुन्हा काढावी लागली. स्प्रेडशीटने तर ‘मार्च-१’ या जनुकाची तारीख करून टाकली होती. हे जगभर इतक्या जणांचं झालं की २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने त्या कुळाची नावंच बदलली.

४. उंदराकडून माणसाकडे येताना वाटेत बरंच काही गळतं. जंतूंच्या खुणा ओळखणारे टोल-सदृश ग्राहक माणसात दहा, उंदरात बारा. आपला दहावा उंदरात मोडका आहे. त्याचे अकरा, बारा, तेरा आपल्याकडे चालत नाहीत. जंतू मारणाऱ्या कॅथेलिसिडिन या पेप्टाइडांचं जनुक माणसाकडे एकच, आणि गोठ्यातल्या गाईकडे अनेक. हे मला कळलं तेव्हा सुट्टीत घरी गेल्यावर मी आमच्या गाईकडे वेगळ्या नजरेने पाहिलं, खरंच. अशा पेप्टाइडांचा एक मोठा संग्रह, कॅम्प, आपल्याकडेच, मुंबईत परळला आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत तयार झाला; त्याची पहिली माहिती २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यावर महाराष्ट्रात फार कमी बोललं जातं, याची मला खंत आहे.

५. नोंद खरी असते, पण ती तिच्या दिवसापुरती. हत्तीरोगाच्या जंताच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. जंत मेला की ते बाहेर पडतात आणि दाह भडकतो. २००० च्या सुमारास ही आग जिवाणूंच्या आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइडसारख्या द्रव्याची, म्हणजे टोल-४ मार्फतची, असं मानलं गेलं. २००५ मध्ये त्या वोल्बाकियाचा जीनोम वाचला गेला आणि ते द्रव्य बनवायची जनुकंच त्यात निघाली नाहीत. पुढे बोट गेलं लिपोप्रथिनांकडे, टोल-२ आणि टोल-६ कडे. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा जाणवली. हे बहुतेक काम ब्रुगिया या जंतावरचं, कारण तो प्रयोगशाळेत पाळता येतो. आमच्याकडे असतो तो वुचेरेरिया. त्याच्यातही वोल्बाकिया आहे, पण एकाच्या नोंदीवरून दुसऱ्याचा निकाल लावताना आता माझा हात थांबतो.

६. रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे. लहानपणी फायलेरिया, म्हणजे हत्तीरोग, तपासणारी माणसं रात्री दहानंतर रक्त घ्यायला यायची, कारण या जंताची पिल्लं रात्रीच त्वचेजवळच्या रक्तात उतरतात. कंदिलाच्या उजेडात बोटाला सुई टोचायची, काचेवर लाल ठिपका पसरायचा. आजीच्या काचेवर कधीच काही निघालं नाही. सुजलेला पाय समोर आणि कागदावर ‘निगेटिव्ह’. पाय इतका जुना झाला की रक्तात पुष्कळदा काही सापडत नाही, हे मला नंतर समजलं. आता एखाद्या जनुकापुढे नोंद दिसली नाही की मला ती काच आठवते. कुणी पाहिलं आणि नव्हतं, की कुणी पाहिलंच नाही? की पाहिलं ते चुकीच्या वेळी?

७. आजीने विचारलं होतं, “माह्या पायाचं काही लिवलं हाये का त्याच्यात?” मी म्हटलं, जंताचं आहे, पायाचं फारसं नाही. तिला मधून मधून थंडी वाजून जो ताप भरतो, तो बहुधा बोटांच्या बेचक्यातल्या भेगांतून शिरणाऱ्या साध्या जिवाणूंमुळे. साबणाने पाय धुणं आणि बेचकी कोरडी करणं, एवढ्याने तो पुष्कळ टळतो. रोवणीच्या दिवसांत ती चिखलातून आली की माय पाय धुऊन देते आणि जुन्या लुगड्याच्या मऊ पट्टीने एकेक बेचकी टिपते. मी एक वही केली आहे. ताप आला ती तारीख, भेग कुठे होती, पाय घोट्यापाशी किती इंच. गेल्या वर्षी आषाढात दोनदा ताप आला. यंदा आषाढात एकदा. श्रावणाच्या पानावर माय रोज एक टिंब काढते, पाहिलं आणि नव्हतं म्हणून.